बैल दमलाय की पाट फुटलाय? जुना सेंट्रल एसी घर गार का करत नाही

डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आमचं घर आहे. बांधकाम २००६ चं आणि एसीही त्याच वर्षीचा. जुलैत बाहेर १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४१ सेल्सियसच्या आसपास तापलं होतं आणि घरातला आकडा ८२ च्या खाली उतरायला तयार नव्हता. थर्मोस्टॅटवर ७५ लावलेले. यंत्र सकाळी दहाला सुरू झालं की मध्यरात्रीपर्यंत थांबायचं नाव नाही. वाईजवळच्या गावाहून आलेले माझे सासरे, आबा, वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत बनियनवर बसले होते. म्हणाले, "सूनबाई, याच्यापेक्षा आमची ओसरी गार."

एका कंपनीचा माणूस आला. बाहेरच्या यंत्राला त्याने नळ्या लावल्या, काट्याकडे पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला: गॅस कमी झालाय. तुमचा गॅस जुना, आर-२२. तो आता बनत नाही, भरायचा तर महाग पडेल, त्यापेक्षा सगळं नवं बसवा. त्याने आकडा सांगितला तेव्हा नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला.

योगायोग असा की त्याच आठवड्यात पुण्याच्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या दीड टनाच्या स्प्लिट एसीलाही कोणीतरी "मॅडम, गॅस भरावा लागेल" असंच सांगून गेलं होतं. या एका वाक्यावर दोन खंडांत धंदा चालतो. त्यात अमेरिकेत २०२५ पासून एसीच्या गॅसचे नियम बदलले, त्याच्या बातम्या आल्या आणि जुनी घरं घेतलेले आमच्यासारखे लोक गोंधळले. गॅस बंद झाला म्हणजे एसी फेकायचा? गार होत नाही म्हणजे गॅसच कमी? मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर असले तरी स्वतःच्या माळ्यावर कधी चढले नव्हते. त्या उन्हाळ्यात चढले. जे कळलं ते इथे मांडते आहे.

## थंडी आत येत नाही, उष्णता बाहेर जाते

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. इथल्या घरात खोलीगणिक एसी नसतो. एकच मोठं यंत्र सगळ्या घराला पुरतं. त्याचा एक भाग अंगणात, पंखा लावलेल्या जाळीच्या डब्यासारखा. दुसरा भाग माळ्यावर, तळघरात किंवा एखाद्या कपाटात. त्यात हवा ढकलणारा मोठा पंखा आणि गार होणाऱ्या नळ्यांचं जाळं. या जाळ्याला कॉइल म्हणतात. बाहेरच्या डब्यातही असंच एक कॉइल असतं. आतल्या भागापासून प्रत्येक खोलीपर्यंत हवेचे बोगदे जातात, ते डक्ट. घरातली हवा एका मोठ्या जाळीतून आत ओढली जाते, गार होते आणि डक्टमधून परत खोल्यांत येते.

आता मुख्य गोष्ट. एसी थंडी तयार करत नाही. तो घरातली उष्णता उपसून बाहेर ओततो. हे मी आबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मग रहाटच की."

आबांचं आजोळ महाडकडचं. तिथल्या विहिरीवर त्यांनी लहानपणी रहाटगाडगं पाहिलेलं. बैल फिरतो, चाक फिरतं, रिकामी गाडगी खाली जातात, भरून वर येतात, ओतली जातात आणि पुन्हा खाली. एसीत घरातली उष्णता म्हणजे विहिरीतलं पाणी. नळ्यांतून फिरणारा गॅस म्हणजे गाडगी. बाहेरच्या डब्यातला कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, हा बैल. आतल्या कॉइलवर गाडगी भरतात, बाहेरच्या कॉइलवर रिकामी होतात. यापेक्षा चांगली उपमा मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी दिली नव्हती.

पण बाहेर ४१ अंश असताना घरातली २६ अंशांची उष्णता तिकडे जाईलच कशी? उष्णता तर नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे जाते. इथे स्वयंपाकघरातली एक ओळखीची गोष्ट कामाला येते. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळतं. कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून ते शंभरच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. दाब बदला की उकळण्याचं तापमान बदलतं. एसीतला गॅस आतल्या कॉइलमध्ये 'महाबळेश्वर'ला असतो: दाब कमी, तो साधारण ४ अंश सेल्सियसलाच उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता घरातल्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून 'कुकर'मध्ये नेतो. तिथे तो बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होतो, म्हणून ४१ अंशांच्या हवेतही आपली उष्णता सोडू शकतो आणि पुन्हा द्रव बनतो. सगळा खेळ एवढाच.

आता रहाट कमी पाणी का उपसतोय याची कारणं तुम्हीच सांगू शकाल. विहिरीतलं पाणी गाडग्यांपर्यंत पोचत नसेल. गाडगी वर नीट रिकामी होत नसतील. गाडगी फुटली असतील. बैल म्हातारा झाला असेल. 'गॅस कमी' हे यातलं फक्त एक कारण आहे, आणि तपासायच्या क्रमात ते पहिलं नाही.

## आधी विहीर: हवा पोचते का?

एसीची ताकद टनात सांगतात. दीड टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, हे सांगायला हवं, कारण माझ्या आत्याला इतकी वर्षं तसंच वाटत होतं. हा बर्फाच्या जमान्यातला हिशोब आहे: २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, ती उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. ताशी १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक).

दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जायला लागते. आमचं यंत्र चार टनांचं, म्हणजे मिनिटाला १,६०० घनफूट. सोळा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा दर मिनिटाला एका फिल्टरमधून ओढायची आहे. आता त्या फिल्टरवर तीन महिन्यांची धूळ, कुत्र्याचे केस आणि फोडणीचा तेलकट धूर बसला असेल तर काय होईल?

आमच्या फिल्टरचा आणखी एक घोळ होता, आणि तो मी हौसेने केलेला. मुलाला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे म्हणून मी एक इंच जाडीचा, 'मर्व्ह १३' दर्जाचा फिल्टर घातला होता. मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचा क्रमांक. आकडा जितका मोठा तितकी विण घट्ट, आणि पातळ फिल्टरची विण घट्ट असली की हवेला वाट कमी. असा फिल्टर हवा असेल तर चार-पाच इंच जाडीची पेटी बसवावी लागते, म्हणजे घड्यांमुळे हवेला जागा मिळते. मी बैलाच्या तोंडाला उपरणं गुंडाळून त्याला पळायला लावलं होतं.

आता त्या पाच मिनिटांच्या निदानाकडे परत येऊ. कॉइलवर हवा कमी पोचली की गॅसला उकळायला उष्णता कमी मिळते आणि आतल्या बाजूचा दाब घसरतो. दाबाच्या काट्यावर हे जवळजवळ 'गॅस कमी'सारखंच दिसतं. गाडगी अर्धी भरून येतात म्हणून गाडगी वाढवायची नसतात, आधी विहिरीत डोकावायचं असतं. फिल्टर न बघता केलेलं गॅसचं निदान म्हणूनच मला मान्य नाही, करणारा कितीही अनुभवी असो.

फिल्टर बदलल्यावर खोल्यांतल्या जाळ्या बघा. पलंग, सोफा, बासनात गुंडाळून ठेवलेला गणपतीचा मखर, काय काय हवा ओढणाऱ्या जाळीसमोर उभं असतं! आणि वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून वीज वाचवायची सवय सोडा. पंखा तेवढाच जोर लावतो. तुम्ही वाटा बंद केल्या की डक्टमधला दाब वाढतो, फटींतून हवा जास्त गळते आणि कॉइलवरून जाणारी हवा घटते.

## दोन थर्मामीटर आणि पंधरा मिनिटं

यासाठी इंजिनिअर लागत नाही. स्वयंपाकघरात वापरतात ते दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी सलग पंधरा मिनिटं चालू द्या. एक थर्मामीटर हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपाशी, दुसरा यंत्राच्या सर्वांत जवळच्या, गार हवा सोडणाऱ्या जाळीत. दोन आकड्यांतला फरक १६ ते २२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ९ ते १२ सेल्सियस असेल तर यंत्र आपलं काम करतंय असं साधारण धरायला हरकत नाही. ह्यूस्टनसारख्या दमट हवेत फरक थोडा कमी दिसतो, कारण यंत्राची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात, म्हणजे घाम पुसण्यात जाते.

फरक बराच कमी असेल, समजा १० अंश फॅरनहाइट, तर रहाटात गडबड आहे. २४-२५ च्या वर असेल तर खूश होऊ नका. थोडीशीच हवा फार वेळ कॉइलवर रेंगाळते आहे, म्हणजे हवा अडली आहे. आणि जवळच्या जाळीत फरक उत्तम, पण लांबच्या खोलीत हवा कोमट, तर यंत्र निर्दोष आहे. चोर वाटेत आहे.

आमच्याकडे नवा फिल्टर घातल्यावर ओढणाऱ्या जाळीत ७८, जवळच्या जाळीत ६४. चौदाचा फरक. आबांच्या खोलीत ७१. म्हणजे थोडी गडबड यंत्रात आणि थोडी वाटेत. जुन्या यंत्राचं दुखणं बहुधा असंच असतं. एक मोठा आजार नसतो, तीन-चार बारीक कुरबुरी एकावर एक चढलेल्या असतात.

## कॉइलवर बर्फ धरला म्हणजे एसी जोरात चाललाय ना?

उलट. बाहेरच्या डब्याकडे जाणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्या बघा. जाड नळीवर काळं आवरण असतं. ती ताकाच्या पेल्यासारखी गार आणि ओलसर लागली पाहिजे. बारीक नळी कोमट. जाड नळीवर पांढरा बर्फ दिसला तर कॉइलवरही तो असणार.

कॉइल साधारण ४ अंशांवर चालतं, त्यामुळे त्यावर पाणी जमतं आणि निचऱ्याच्या नळीतून वाहून जातं. हवा कमी पोचली, किंवा गॅस खरोखर कमी झाला, तर दाब पडतो आणि कॉइल शून्याखाली जातं. जमलेलं पाणी गोठतं. त्या बर्फामुळे हवा आणखी अडते, म्हणून आणखी बर्फ. गॅस कमी झाला तर जास्त गार कसं, हा प्रश्न बरोबर आहे. लग्नाच्या आचाऱ्याकडचा सिलिंडर आठवा. मोठ्या भट्टीवर भराभर गॅस ओढला की टाकीच्या खालच्या भागावर दव, कधी हिमकण दिसतात. कमी दाबात द्रव भराभर उकळतो आणि आपल्याच भांड्याची उष्णता ओढून घेतो. तिथे गारठा असतो, पण तो थोड्याच जागेत. एकूण उपसलेली उष्णता कमीच भरते.

बर्फ दिसला तर कूलिंग बंद करा आणि फक्त आतला पंखा चालू ठेवा. वितळायला काही तास लागतात. बर्फ सुरीने खरवडायचा मोह आवरा. कॉइलच्या नळ्यांचा पत्रा फार पातळ असतो. खाली टोपलं ठेवा, पाणी पुष्कळ येतं.

निचऱ्याची नळी तुंबण्याचा प्रकार वेगळा, पण जाताजाता सांगते. तिच्यात शेवाळ धरतं, पाणी साचतं आणि कॉइलखालच्या ताटातलं तरंगतं बटण वर येऊन पूर्ण एसी बंद पाडतं. लोकांना वाटतं यंत्र मेलं. नळीच्या बाहेरच्या टोकाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावून दोन मिनिटं चालवला की बहुतेक वेळा काम होतं.

## वर गाडगी रिकामी होतात का?

बाहेरच्या डब्यावरून हात फिरवा. वर फेकली जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा ठळकपणे गरम हवी. नसेल तर आतून उष्णता आलेलीच नाही. आणि डब्याच्या जाळीत गवताचे तुकडे, कॉटनवूडच्या झाडाचा कापूस, कपडे वाळवायच्या यंत्रातून उडालेला लोकर-पिंजा अडकला असेल तर गाडगी अर्धी भरलेलीच परत खाली जातात. भिंतीवरच्या पेटीतून डब्याची वीज बंद करा आणि बागेच्या साध्या पाइपने हलक्या धारेने धुवा. गाडी धुवायचं जोरदार यंत्र लावलंत तर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या दुमडतात. आजूबाजूची झुडपं दोन-तीन फूट मागे ठेवा. आमच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याला त्या डब्याचा एक कोपरा फार प्रिय होता, त्या कोपऱ्यातल्या पात्या गंजून गळून पडल्या.

डबा स्वच्छ असूनही पंखा मंद फिरत असेल, किंवा नुसता गुणगुणत असेल, तर संशय कपॅसिटरवर. मोटरला सुरू व्हायला आणि फिरायला मदत करणारा, विजेचा साठा करणारा हा डबीएवढा तुकडा. टेक्सासच्या उन्हात तो दर काही वर्षांनी दम सोडतो. त्यावर किती मायक्रोफॅरॅड, म्हणजे विजेचा किती साठा, हे लिहिलेलं असतं आणि पाच-सहा टक्क्यांची घटबढ चालते. आमच्या डबीवर पंख्याच्या बाजूला ५ लिहिले होते, मोजले तर साडेतीन भरले. पंखा फिरत होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण हवा कमी ओढत होता. सुटा भाग स्वस्त असतो. तरी स्वतः हात घालू नका. तिथे २४० व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरते. काठीने पंखा ढकलून बघायचे व्हिडिओ आहेत. ते बघून सोडून द्या.

## पण गॅस भरल्यावर गार झालं होतं की!

झालं असेल. पंक्चर झालेल्या सायकलमध्ये हवा भरली तरी ती दोन गल्ल्या जातेच. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, दुसरं कारण नाही. म्हणून "दर उन्हाळ्यात थोडा टॉप-अप करावा लागतो" असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न एकच विचारा: गळती कुठे आहे?

गळतीचं एक कारण मला फार चमत्कारिक वाटलं. घरातल्या हवेत रंग, लाकडी पाट्या, सफाईची द्रव्यं यांतून सूक्ष्म प्रमाणात आम्लं येतात. ती कॉइलच्या तांब्यात वेडीवाकडी, मुंग्यांच्या वारुळासारखी भोकं पाडतात, डोळ्यांना न दिसणारी. अशी चाळण झालेलं कॉइल झाळकाम करून वाचत नाही, बदलावंच लागतं.

गॅस बरोबर आहे की नाही हे नीट ठरवायला दाबासोबत नळ्यांचं तापमान मोजावं लागतं. त्यातून दोन आकडे निघतात. सुपरहीट: आतल्या कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ उकळण्याच्या बिंदूपेक्षा किती अंश वर आहे. सबकूलिंग: बाहेरच्या कॉइलमधून निघणारा द्रव त्याच्या द्रव होण्याच्या बिंदूपेक्षा किती अंश खाली आहे. तुम्हाला गणित करायची गरज नाही. येणाऱ्या माणसाला फक्त म्हणा, "हे दोन्ही आकडे कागदावर लिहून द्याल का?" जाणकार आनंदाने देतो. दुसऱ्यांदा जो आला त्याने दिले. आमचा गॅस बरोबर होता. कपॅसिटर त्यानेच बदलला. त्यानंतर जवळच्या जाळीत फरक अठरावर गेला.

## फुटका पाट

तरीही आबांची खोली तापलेलीच. जवळच्या जाळीत ६०, त्यांच्याकडे ६९. नऊ अंश गेले कुठे? आबा म्हणाले, "रहाट झाला, आता पाट बघा." उपमा इथे उलटी होते, कारण पाटातून आता गारवा वाहतोय, पण शेतकऱ्याचा मुद्दा बिनतोड होता. विहिरीवर कितीही पाणी उपसा. पाटाला घुशीने बीळ पाडलं असेल तर शेवटच्या वाफ्याला ओल लागत नाही.

अमेरिकन सरकारच्या 'एनर्जी स्टार' कार्यक्रमाचा अंदाज असा की सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सुटलेल्या जोडांतून वाया जाते. टेक्सासमध्ये हे डक्ट बहुधा माळ्यावर असतात. तळघरं इथे क्वचित, त्यामुळे बिल्डरला दुसरी जागा नसते. उन्हाळ्यात माळ्याचं तापमान सहज ५० ते ६० सेल्सियसवर जातं. घरातली सर्वांत गार हवा घरातल्या सर्वांत तापलेल्या जागेतून फिरवायची, हा शहाणपणा कोणाचा कोण जाणे. दुहेरी तोटा वेगळाच: गार हवा माळ्यावर गळते तेवढीच हवा घर बाहेरून भरून काढतं, दारांच्या, दिव्यांच्या खाचांतून. ती हवा गरम आणि दमट.

पहाटे साडेपाचला टॉर्च आणि मास्क घेऊन मी वर गेले. दुपारी जाऊ नका, उष्माघात ही थट्टा नव्हे. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवा, मधल्या प्लास्टरबोर्डवर पाऊल पडलं तर थेट दिवाणखान्यात उतराल. आबांच्या खोलीकडे जाणारा लवचिक डक्ट जोडापासून जवळपास सुटला होता. बांधलेली प्लास्टिकची पट्टी तापून ठिसूळ झालेली. गार हवा इन्सुलेशनच्या गादीवर सांडत होती. एकोणीस वर्षांत कधी सुटला कोणास ठाऊक.

दुरुस्तीला 'डक्ट टेप' वापरू नका. नावावर जाऊ नका. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात वेगवेगळ्या टेप तापवून, गारवून तपासल्या, तेव्हा कापडी डक्ट टेपनेच डक्टवर मान टाकली. मॅस्टिक नावाची लेपासारखी लुकण लावा किंवा धातूच्या पत्र्याची चिकटपट्टी. आम्ही नवी पट्टी आवळली, त्यावर लुकण फासली. माझ्या कोपराला ती अजून कुठेतरी असेल.

## एवढी कटकट कशाला? मोठा एसी लावून टाकू

हा सल्ला मला किमान चार जणांनी दिला. चार टनांऐवजी पाच. पण मोठं यंत्र हवा झपाट्याने गार करतं आणि दहा मिनिटांत थांबतं. वाफ काढायला कॉइलवर हवा बराच वेळ फिरावी लागते. तो वेळच मिळत नाही. मग घर गार पण चिकट, पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलसारखं. आणि डक्ट जुनेच, चार टनांच्या हवेला कसेबसे पुरणारे. किती टन लागतात हे घराच्या खिडक्या, दिशा, इन्सुलेशन, फटी मोजून काढायची रीतसर पद्धत आहे, तिला इथे 'मॅन्युअल जे' म्हणतात. नुसतं "अमुक चौरस फूट म्हणजे तमुक टन" असं सांगणाऱ्याला नमस्कार करा.

जोडीने येणारा दुसरा समज: थर्मोस्टॅट ६० वर नेला की लवकर गार होतं. बहुतेक जुनी यंत्रं एकाच वेगाने चालतात, चालू किंवा बंद. कुकरला ओरडून शिट्टी लवकर होत नाही. पंख्याचं बटण मात्र 'ऑन'वर नाही, 'ऑटो'वर ठेवा. 'ऑन'वर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा घरात वाफ होऊन येतं.

आणि काही दिवस असे असतात की दोष कोणाचाच नसतो. घराचं यंत्र निवडताना त्या गावच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्याचा हिशोब धरतात, शतकातल्या सर्वांत वाईट दुपारचा नाही. बाहेर १०८ असताना यंत्र न थांबता चालत असेल आणि घर ७८ वर असेल, तर ते आजारी नाही, राबतंय.

## कायदा बदलला, मग जुना काढावाच लागेल?

नाही. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो हळूहळू बंद झाला. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून त्याचं नवं उत्पादन आणि आयात थांबली. जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस मिळतो, वापरणं कायदेशीर आहे, फक्त किंमत चढी. त्याची जागा घेणारा आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त जोरदार आहे. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून ७०० पटींच्या वरच्या गॅसवर चालणारे नवे घरगुती एसी बनवायला आणि आयात करायला अमेरिकेत बंदी आली. आता येतात ते आर-४५४बी, ४६६ पटींचा, आणि आर-३२, ६७५ पटींचा. आर-३२ पुण्या-मुंबईतल्या दुकानांत केव्हाच रुळलाय.

यातला कोणताही नियम घरात बसवलेला चालू एसी काढायला सांगत नाही. दुरुस्त करा, गॅस भरा, चालवा. हे नवे गॅस किंचित ज्वलनशील असल्याने त्यांच्या यंत्रांची रचना वेगळी असते, म्हणून जुन्या यंत्रात नवा गॅस भरता येत नाही. "थोडा थोडा मिसळून चालतो" म्हणणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. गॅस हाताळायला पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगण्यात काही उद्धटपणा नाही.

## मग नवा घ्यायचा कधी?

सेंट्रल एसीचं आयुष्य साधारण पंधरा ते वीस वर्षं. कॉम्प्रेसर गेला, किंवा आर-२२ च्या यंत्रातलं कॉइल चाळण झालं, तर मी दुरुस्तीत पैसे घालणार नाही. बैलच गेल्यावर गाडगी रंगवून उपयोग नाही. कपॅसिटर, पंख्याची मोटर, निचरा, फिल्टर, डक्ट यांसाठी मात्र यंत्र बदलायची गरज नसते. उलट डक्ट तसेच फुटके ठेवून नवं यंत्र बसवलं तर नवी हवाही माळ्यावरच सांडणार. डक्टची दुरुस्ती पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडते, म्हणून मी ती आधी केली.

नवं घ्यावंच लागलं तर ते जुलैत, घामेजल्या अवस्थेत ठरवू नका. ऑक्टोबरमध्ये तीन जणांकडून लेखी दर घ्या आणि टनांचा हिशोब मागा. आमचा एसी एकोणीस वर्षांचा आहे हे मी विसरलेले नाही. बाजूला पैसे टाकायला सुरुवात केली आहे.

लुकण सुकल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आबांच्या खोलीतल्या जाळीत थर्मामीटर लावला. ६२. संध्याकाळी चहाला हाक मारली तर ते खाली आले नाहीत. वर जाऊन पाहिलं, शाल पांघरून झोपले होते.